रसगुल्ल्याचा जन्मदाखला आणि श्रियेचे ताट

जातीचा दाखला काढायला किती खेटे घालावे लागतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. १९५० पूर्वीचा पुरावा आणा, आजोबांच्या शाळेचा उतारा आणा, गावच्या रजिस्टरात नाव कसे लिहिले होते ते दाखवा. एक अक्षर इकडे-तिकडे झाले की पुन्हा रांग. पण दाखल्यासाठी रांगेत फक्त माणसेच उभी असतात असे नाही. या देशात एका मिठाईलाही आपला जन्म कुठला हे सिद्ध करण्यासाठी सरकारदरबारी उभे राहावे लागले. त्या मिठाईचे नाव रसगुल्ला. तिच्यासाठी दोन राज्ये भांडली, जुन्या पोथ्या उघडल्या गेल्या, अभ्यासक बसवले गेले. एवढे होऊनही रसगुल्ला नेमका कुणी आणि कधी पहिल्यांदा केला, याचे निर्विवाद उत्तर आजही कुणाच्या हाती नाही.

वाचक म्हणतील, चळवळीच्या पेपरात रसगुल्ल्याचे काय काम? काम आहे. जो समाज आपल्या अन्नाचा इतिहास दुसऱ्याला लिहू देतो, तो स्वतःचाही इतिहास दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. आणि या भांडणात पुरावा म्हणून ज्या कवीची पोथी पुढे आली, त्याच कवीची दुसरी एक पोथी आहे. ती मात्र या वादात कुणी उघडली नाही. तिच्याकडे आम्हाला यायचे आहे. पण आधी वाद समजून घेऊ.

बंगालचे म्हणणे सरळ आहे. कोलकात्याच्या बागबाजार भागात नवीनचंद्र दास नावाचे मिठाईवाले होते. बंगालीत मिठाई करणाऱ्याला मोयरा म्हणतात. या नवीन मोयरांनी १८६८ साली दूध नासवून काढलेला छेना मळला, त्याचे गोळे केले आणि ते साखरेच्या उकळत्या पाकात सोडले. गोळे फुलले, स्पंजासारखे झाले, आत पाक मुरला. पुढे एका धनिक व्यापाऱ्याची घोडागाडी दुकानासमोर थांबली, त्याच्या मुलाला पाण्याबरोबर हा पदार्थ दिला, व्यापारी खूश झाला आणि मिठाईचे नाव शहरभर झाले, अशी गोष्ट सांगतात. नवीनचंद्रांचे पुत्र कृष्णचंद्र, म्हणजेच के. सी. दास. त्यांच्या नावाच्या दुकानाने पुढे रसगुल्ला डब्यात बंद करून देशभर पोचवला. आपल्या वस्तीतल्या लग्नात डबा फोडून वाटला जाणारा पांढरा रसगुल्ला तो हाच.

पण बंगालमध्येच दुसरे नाव घेणारे लोक आहेत. नदिया जिल्ह्यातील फुलिया गावच्या हारधन नावाच्या मोयराने हा पदार्थ नवीनचंद्रांच्या आधी केला, असे ते सांगतात. म्हणजे एका राज्याच्या आतच बाप दोन!

ओडिशाचे म्हणणे वेगळे. पुरीच्या जगन्नाथाची रथयात्रा संपते तेव्हा देव मंदिरात परततो. त्या विधीला नीलाद्रि बिजे म्हणतात. नवरा आपल्याला न घेता भावंडांना घेऊन फिरायला गेला म्हणून लक्ष्मी रागावलेली असते. ती दार लावून घेते. मग जगन्नाथ तिला रसगोला देऊन तिची समजूत काढतो आणि दार उघडते. ही प्रथा शतकानुशतके चालत आली आहे, तेव्हा रसगोला आमचाच, असे ओडिशा म्हणतो. भुवनेश्वर आणि कटक यांच्या मधले पाहाळ गाव आजही हमरस्त्यावरच्या रसगोल्याच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तिथला रसगोला पांढराशुभ्र नसतो. तो किंचित तांबूस आणि मऊ असतो, तोंडात विरघळतो.

२०१५ साली ओडिशात नीलाद्रि बिजेच्या दिवशी, ३० जुलैला, 'रसगोला दिवस' साजरा झाला आणि ठिणगी पडली. बंगालने त्याच वर्षी भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला. अमुक वस्तू अमुक भागाचीच, असे प्रमाणपत्र देणारा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून लागू आहे. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी 'बांगलार रसगोल्ला'ला मानांकन मिळाले. कोलकात्यात जल्लोष झाला. मग ओडिशाने आपला अर्ज दिला आणि २९ जुलै २०१९ रोजी 'ओडिशा रसगोला'लाही मानांकन मिळाले. मग ओडिशात जल्लोष. दोघेही जिंकले! कारण मानांकनाने रसगुल्ल्याचा जन्म कुठला हे ठरवलेच नव्हते. बंगालच्या पद्धतीचा तो बंगालचा, ओडिशाच्या पद्धतीचा तो ओडिशाचा, एवढेच त्या कागदाने सांगितले.

आता यात तिसरा पक्ष आहे. खाद्येतिहासाचे अभ्यासक के. टी. अचया यांनी असे मांडले की, दूध आंबट घालून मुद्दाम नासवणे हिंदू धर्माचारात निषिद्ध मानले जाई. गाईचे दूध पवित्र, ते फाडणे म्हणजे पाप. हुगळीच्या काठी वस्ती केलेल्या पोर्तुगीजांना ताजे चीज हवे असे. त्यांच्यामुळे बंगालच्या मिठाईवाल्यांच्या हाती छेना आला. सतराव्या शतकात बंगालमध्ये आलेला फ्रेंच प्रवासी बर्निए यानेही बंगालच्या मिठाईची तारीफ केली आहे आणि जिथे पोर्तुगीज राहतात तिथे ती विशेष चांगली होते, असे नोंदवले आहे.

पण हेही शेवटचे उत्तर नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३० च्या सुमाराचा. त्यात दूध फाडून केलेल्या मिठाईचे वर्णन आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी दख्खनच्या राजवाड्यात नासवलेल्या दुधाचे गोड पदार्थ होत होते. निषेध पोथीत होता आणि पदार्थ राजाच्या ताटात होता. सामान्य माणसाला नियम आणि राजाला सवलत, ही रीत या देशात जुनीच आहे.

तेव्हा रसगुल्ल्याचा उगम कुठला? प्रामाणिक उत्तर असे की, त्याला एकच उगम नाही. दूध नासवण्याची युक्ती एकाची, छेना मळण्याचा हात दुसऱ्याचा, पाकाचा अंदाज तिसऱ्याचा, डब्यात भरून विकण्याची हिकमत चौथ्याची. या मिठाईचे कूळ शुद्ध नाही आणि म्हणूनच ती एवढी चांगली झाली आहे! शुद्ध कुळाचा आग्रह धरणाऱ्यांना रसगुल्ला हे चांगले उत्तर आहे. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त रक्ताच्या शुद्धतेचा दावा कसा खोडून काढला ते आपण वाचले आहे. माणसांत भेसळ नाही असा एकही वंश नाही, तर पदार्थांत कुठून असणार?

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्या घरात चुलीवर दूध नासले की बायाबापड्या चुकचुकतात, काहीतरी अशुभ झाले म्हणतात. धर्माने ज्याला नासलेले, बिघडलेले, देवाला न चालणारे म्हटले, त्यातूनच कुणीतरी ही मिठाई काढली. ते टाकून न देता कापडात बांधून टांगले, पाणी निथळू दिले, तळहाताने मळून मऊ केले. ज्याला विटाळ म्हणून बाजूला टाकले त्याचे सोने करण्याचे हे कसब कुणाचे असते, हे आम्ही वेगळे सांगत नाही. ज्याला काहीच टाकून देणे परवडत नाही, त्याचेच ते असते.

आता त्या पोथीकडे येऊ. ओडिशाने आपल्या बाजूने बलराम दास या कवीचे 'दांडी रामायण' पुढे केले. सुमारे पंधराव्या शतकाच्या अखेरीस किंवा सोळाव्याच्या आरंभी लिहिलेल्या या ओडिया रामायणात रसगोल्याचा उल्लेख आहे. नाव तेच असले तरी पदार्थ तोच कशावरून, असा प्रतिपक्षाचा सवाल. सवाल रास्तच आहे. नाव म्हणजे कृती नव्हे. असो.

याच बलराम दासांच्या नावावर 'लक्ष्मी पुराण' आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ओडिशातील घराघरांत बाया ते आजही वाचतात. कथा अशी. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी लक्ष्मी नगरात फेरफटका मारायला निघते. मोठमोठ्या घरांतले लोक झोपलेले, अंगणे पारोशी. गावाबाहेर श्रिया नावाची एक चांडाळ बाई मात्र पहाटे उठून अंगण सारवते, तांदळाच्या पिठाची रांगोळी घालते आणि भक्तीने पूजा मांडते. लक्ष्मी तिच्या घरात पाऊल टाकते. हे बलभद्र आणि जगन्नाथ पाहतात. थोरला भाऊ बलभद्र धाकट्याला बजावतो, तुझी बायको चांडाळणीच्या घरी जाऊन विटाळली, तिला घराबाहेर काढ. आणि जगाचा नाथ म्हणवणारा देव भावाचे ऐकून बायकोला घराबाहेर काढतो!

लक्ष्मी रडत बसत नाही. ती शाप देते. तुम्हा दोघांना अन्न मिळणार नाही, मिळेल ते चांडाळणीच्या हातचेच. मग हे दोघे देव भिकारी होऊन दारोदार फिरतात. कुणी मूठभर देत नाही. शेवटी समुद्रकाठी एका घरी येतात. हे घर चांडाळणीचे आहे असे त्यांना सांगितले जाते. आधी म्हणतात, आम्हाला शिधा द्या, आम्ही आमचे शिजवून घेऊ. म्हणजे पोटात आग पेटली तरी सोवळे सुटत नाही! पण चूल पेटत नाही. अखेर भूक जिंकते आणि ते तिच्या हातचे जेवतात. ती बाई म्हणजे लक्ष्मीच. परत येण्यासाठी ती अट घालते. तुझ्या दारात जातपात राहणार नाही, ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत सगळे एकमेकांच्या हातचे खातील. देव कबूल होतो.

वाचकहो, ज्या लक्ष्मीला रसगोला देऊन दार उघडायला लावतात, ती हीच लक्ष्मी. एका कथेत ती नवरा फिरायला एकटा गेला म्हणून रुसते. ती गोड कथा, तिचा सण होतो आणि तिचा पुरावा मानांकनाला लागतो. दुसऱ्या कथेत तिला अस्पृश्य बाईच्या घरी गेली म्हणून घराबाहेर काढतात. ती कथा घरात वाचली जाते, पण तिची अट कुणी पाळायची? पुरीच्या आनंदबाजारात महाप्रसाद सगळ्या जाती एकत्र खातात, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरे आहे आणि त्या काळाच्या मानाने मोठेही आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, कंपनी सरकारच्या काळात, त्याच मंदिरात कोणत्या जातींना प्रवेश नाही याची यादीच होती. तीत चांभार होते, डोम होते, हाडी होते आणि चांडाळही होते. म्हणजे श्रियेच्या नावाने पुराण वाचायचे आणि श्रियेच्या लेकरांना दाराबाहेर ठेवायचे!

ज्या बंगाली समाजाला १९११ च्या जनगणनेत 'नमःशूद्र' हे नाव मान्य होईपर्यंत सरकारी कागदात चांडाळ म्हणत, त्याच समाजाच्या जोगेंद्रनाथ मंडल यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून पाठवले. रसगुल्ल्याचा अभिमान बंगालला जरूर असावा. पण बंगालच्या खऱ्या गोडीचे नाव आम्हाला विचाराल तर आम्ही हे सांगू.

या वादातला आणखी एक दावा पाहण्यासारखा आहे. ओडिशाची बाजू घेणारे म्हणतात की, कोलकात्याच्या सवर्ण घरांत ओडिया ब्राह्मण आचारी असत, त्यांनीच ही मिठाई तिकडे नेली. नेली की नाही हे सिद्ध करणे अवघड आहे. पण कोलकात्याच्या घरांत ओडिशाचे ब्राह्मण आचारी का लागत, याचे उत्तर अवघड नाही. शिजवलेले अन्न कुणाच्या हातचे चालते हे जात ठरवत असे. ब्राह्मणाच्या हातचे सगळ्यांना चालते, म्हणून स्वयंपाकघरात ब्राह्मण. पाण्यात शिजवलेले कच्चे अन्न कडक नियमाचे, तुपात तळलेले आणि दुधाचे पक्के अन्न थोड्या सवलतीचे. मोयरांची गणना ज्यांच्या हातचे पाणी ब्राह्मणाला चालते अशा जातींत होती, म्हणून त्यांचे दुकान चालले. म्हणजे मिठाईचा इतिहास हा चवीचा इतिहास आहेच, पण कुणाचा हात चालतो आणि कुणाचा चालत नाही, याचाही तो इतिहास आहे. मानांकनाच्या अर्जात हा रकाना नसतो.

आणि ज्यांचा हात चालत नाही, त्यांनी स्वतःच्या पैशाने गोडधोड, तूपतेल खाल्ले तरी चालत नाही. जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावची हकिगत बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त नोंदवून ठेवली आहे. १९३६ च्या एप्रिलचा सुमार. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या भाईबंदांना जेवण दिले आणि पंगतीत तूप वाढले. शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासवले आणि जेवणाऱ्यांना झोडपून काढले. गुन्हा काय? तूप विकत घेण्याची ऐपत असली तरी ते खाण्याची हिंमत अस्पृश्याने करू नये. एका मिठाईचा जन्म कुठे झाला यासाठी दोन सरकारे पुरावे गोळा करतात. चकवाड्याच्या त्या पंगतीतले तूप कुणाच्या दाखल्यात लिहायचे?

हे जुने झाले, असे म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद. घनश्याम शहा, सुखदेव थोरात आदी अभ्यासकांनी अकरा राज्यांतील ५६५ गावांची पाहणी करून २००६ साली ग्रामीण अस्पृश्यतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाहणीतील ज्या गावांत दूध सोसायट्या होत्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या गावांत दलितांना सोसायटीला दूध घालता येत नव्हते. म्हशीला जात नसते, पण तिच्या दुधाला मालकाची जात चिकटते. छेना दुधाचाच होतो ना?

मानांकनाचे आमच्याकडचे उदाहरण घ्या. कोल्हापुरी चपलेला मानांकन आहे आणि ते महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे संयुक्त आहे. रसगुल्ल्यासाठी जे दोन राज्यांना जमले नाही, ते चपलेने करून दाखवले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि ओरड झाल्यावर त्यामागे भारतीय कारागिरी असल्याचे मान्य केले. तेव्हा सगळा महाराष्ट्र म्हणाला, चप्पल आमची. चांगले झाले. पण ज्यांना चामड्याच्या कामापायी गावाबाहेर ठेवले, त्यांचे नाव त्या 'आमच्या'त किती वेळा आले? वस्तू गावाची होते, राज्याची होते, देशाची होते. करणारा मात्र आपल्या जातीतच राहतो.

आता थोडे आपल्याबद्दल. अशा वादात आपल्यातील काही उत्साही मंडळीही उडी घेतात. जगन्नाथ मूळचा आमचा, म्हणून प्रसादही आमचा, म्हणून रसगुल्लाही आमचाच, अशी साखळी ते जोडतात. बांधवांनो, पुराव्याशिवाय दावा करणे ही पुरोहिताची पद्धत आहे, आपली नव्हे. बाबासाहेबांनी जिथे पुरावा होता तिथे ठामपणे लिहिले आणि जिथे तर्क होता तिथे तो तर्क आहे असे सांगितले. रसगुल्ला आपला ठरवून आपण मोठे होणार नाही. आपल्या अन्नाची नोंद आपण नीट केली तर मात्र मोठे होऊ. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले की मराठी स्वयंपाक म्हणजे केवळ पुरण आणि श्रीखंड नव्हे. असे काम प्रत्येक जिल्ह्यात झाले पाहिजे. आपल्या आजीला विचारा, सणाला गोड काय होत होते, गूळ कुठून येई, नसेल तेव्हा काय करत. ते लिहून ठेवा. आज लिहिले नाही तर उद्या कुणीतरी दुसराच आपल्या ताटाचा दाखला काढेल.

बुद्धपौर्णिमेला आपल्या वस्त्यांत खीर वाटतात. सुजाताने दिलेल्या खिरीची ती आठवण. ती खीर तांदळाची होती की आणखी कशाची, गोडी कशाची होती, यावर आपण कधी भांडलो नाही. देणारीने दिली, घेणाऱ्याने घेतली, मध्ये विटाळ आला नाही, एवढेच आपण लक्षात ठेवले. तेच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बंगालने रसगुल्ला खावा, ओडिशाने रसगोला खावा, आपणही खावा, आवडीने खावा. त्याच्या बापाचे नाव सापडले नाही म्हणून त्याची गोडी कमी होत नाही. पण पोथीतला रसगोला शोधणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. बलराम दासांची दुसरी पोथीही एकदा न्याहाळा. त्यात मिठाईचा पत्ता लागणार नाही, पण श्रियेच्या घराचा लागेल. त्या घरचे ताट ज्या दिवशी या देशात कुणीही, कुठेही, न विचारता पुढे ओढून घेईल, त्या दिवशी दाखल्याची गरज ना मिठाईला राहील, ना माणसाला.